छत तोलणारी माणसं

रशियन लेखक अलेक्झांडर हर्झेनचं 'पैलतीरावरून' मी पुन्हा पुन्हा काढतो ते पहिल्या संवादासाठी. 'वादळापूर्वी' हे त्याचं नाव, रोम, ३१ डिसेंबर १८४७ ही नोंद. बोटीच्या डेकवर दोघं बोलत आहेत. एकाला इतिहासाकडून हमी हवी आहे: आज सोसलेलं उद्या फळाला येईल ना? हेगेल कोळून प्यायलेल्या त्या रशियन पिढीचा हा जिव्हाळ्याचा प्रश्न. दुसरा हमी द्यायला तयार नाही.

नकार देताना हर्झेन तर्काचा कीस काढत नाही, चित्रं दाखवतो. आधी येतात मजला डोक्यावर तोलणाऱ्या दगडी स्त्रिया. वर उद्या कुणी तरी नाचणार म्हणून. (आपल्या देवळांतले भारवाहक यक्ष आठवतात, ते निदान मिश्कील तरी असतात.) पाठोपाठ गुडघाभर चिखलातून गलबत ओढणारे मजूर. दगडाला एकदम घाम फुटतो! व्होल्गाकाठचे असे बुर्लाक रशियन वाचकाच्या ओळखीचे. गलबताच्या निशाणावर मात्र भविष्यातल्या प्रगतीचा घोष आहे. खरी खोच त्या निशाणात. हर्झेन सांगत नाही, पण ओढणाऱ्याची पाठ गलबताकडे असते. निशाण वाचायचं ते काठावरच्यांनी.

सहा महिन्यांत पॅरिसमधलं कामगारांचं बंड तोफा लावून मोडलं गेलं. हर्झेन तिथेच होता. त्यानंतरच्या प्रकरणांत आवाज चढतो, आणि मला ती तितकी भावत नाहीत. रशियन खेड्याच्या सामाईक जमिनीतून समाजवाद उगवेल, ही त्याने पुढे धरलेली आशा तर डेकवरच्या त्या संशयी गृहस्थाने उलटतपासणीवाचून सोडली नसती.

पुस्तक १८५० मध्ये आधी जर्मनमध्ये निघालं. रशियन आवृत्तीची अर्पणपत्रिका १ जानेवारी १८५५ची, लंडनजवळच्या ट्विकनहॅमहून, पंधरा वर्षांच्या साशाला, म्हणजे मुलाला. तिथे आजचा माणूस पूल बांधतो आणि त्यावरून जाणार उद्याचा कुणी अनोळखी. म्हणजे पुन्हा तोच मजला, तेच तोलणारे! पण डेकवर जो भार इतरांच्या डोक्यावर द्यायला नकार होता, तो इथे हर्झेन आपणहून उचलतो. म्हणून मला ही विसंगती खटकत नाही. उलट अख्ख्या पुस्तकात याच पानावर मी सर्वांत जास्त रेंगाळतो.

या काठावर थांबू नकोस, वेळ आली की मायदेशी जा, असं तो मुलाला सांगतो. साशा पुढे शरीरक्रियाशास्त्रज्ञ झाला, स्वित्झर्लंडमध्ये, लोझानला प्राध्यापक.