जाळ्यातली रेघ कशाची?

मंडळी, अर्थव्यवस्थेची घडण जाळ्यांच्या भाषेत समजून घेण्याची एक मोठी लाट गेल्या दोन दशकांत आली. तिच्यातला सर्वांत गाजलेला निबंध आज आपल्याला तपासायचा आहे. सेझार हिदाल्गो, बेली क्लिंगर, अल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रिकार्डो हाउसमन यांचा हा निबंध २००७ साली 'सायन्स'मध्ये आला.

प्रश्न साधा आहे. काही देश नवनव्या वस्तू बनवायला शिकतात, काही जागच्या जागी राहतात, असं का? उत्तरासाठी लेखकांनी निर्यातीच्या ७७५ वस्तूंचं जाळं मांडलं. ज्या दोन वस्तू बरेच देश जोडीनं निर्यात करतात त्या जवळच्या, म्हणून त्यांच्यात रेघ. चित्र असं उमटलं, की यंत्रं, रसायनं, धातूच्या वस्तू मध्यभागी दाटीनं बसल्यात, आणि तेल, मासळी, उष्ण प्रदेशातली शेती कडेला विरळ पसरली आहे. त्यांचाच दृष्टांत घ्यायचा तर वस्तू म्हणजे झाडं, कंपन्या म्हणजे माकडं. रान विरळ असेल तर माकड उडी मारणार कुठे?

आधी याचं श्रेय देऊ. भांडवल किती आणि मजूर किती, एवढंच मोजण्याची सवय लागलेल्या शास्त्राला 'अहो, पण तुम्ही बनवता काय?' हा प्रश्न या निबंधानं पुन्हा विचारायला लावला.

आता आक्षेप. पहिला असा, की ही रेघ आहे कशाची? वासिली लिओन्टिएफ यांनी १९३६ साली उद्योगांमधल्या देवाणघेवाणीचा तक्ता मांडला. त्यातला दुवा कोळशाकडून पोलादाकडे जातो. तो तोडा, भट्टी थंड पडते. इथली रेघ तोडली तर काय थांबतं? काहीच नाही. ती साहचर्याची रेघ आहे, प्रवाहाची नव्हे. जाळं म्हटलं, की आपण नकळत तिच्यातून काहीतरी वाहतंय असं धरून चालतो.

दुसरा आक्षेप आपल्या नैयायिकांचा. जिथे आग तिथे धूर, हे सरसकट खरं नाही. इंधन ओलं असावं लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. केळी आणि कॉफी एकाच देशातून जातात, ती कौशल्य एक म्हणून, की हवामान एक म्हणून? की वसाहतवाल्यांनी तिथे मळे लावले म्हणून? रेघ सगळ्यांना सारखीच.

तिसरा आक्षेप अन्योन्याश्रयाचा. देशाच्या अंगची क्षमता इथे थेट मोजलेली नाही. निर्यातीवरून तिचा तर्क केला, आणि मग त्याच क्षमतेनं निर्यातीचा उलगडा केला. लेखक म्हणतील, आजच्या जवळिकीवरून उद्याची वस्तू वर्तवता येते. येते ना! मृग लागला की पाऊस येतो, हेही बहुधा बरोबर ठरतं. पण पाऊस काही मृग नक्षत्र पाडत नाही.

शिवाय हिशोब फक्त मालाचा. पुण्या-बंगळुरूतून परदेशी जाणारी सॉफ्टवेअरची सेवा त्या मूळ जाळ्यात नव्हतीच.

मग याचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. तर असं, की हा नकाशा धोरणाच्या टेबलावर जातो. दक्षिण कोरियानं १९६८ साली पोहांगला पोलाद कंपनी काढली, तेव्हा जागतिक बँक साशंक होती. जपानकडून नुकसानभरपाईपोटी आलेला पैसा आणि तिथलंच तंत्रज्ञान वापरून १९७३ साली कारखाना उभा राहिला. लांबच्या उड्या विरळाच, हे लेखकांचं म्हणणं आपण मान्य करू. पण ही उडी कशानं साधली? शासनाचा निर्धार, शेजाऱ्याशी झालेला करार, कामगारांचे कष्ट. यातलं काही त्या चित्रात नाही. माकडं आहेत, माणसं नाहीत.

म्हणून आपलं मत असं: हे जाळं उत्तम प्रश्नपत्रिका आहे. दोन वस्तू जवळ दिसल्या, की 'का?' हे त्या त्या देशात जाऊन, कारखान्यात आणि शेतात विचारावं. ते न विचारता गरीब देशाला 'हे झाड तुझ्या टप्प्यात नाही' असं सांगितलं, तर नकाशावरची रेघ ही कपाळावरची रेघ होते. विज्ञानाच्या नावानं नियती शिकवायला आपला विरोध असला पाहिजे.