व्यासपीठ आणि सतरंजी

आमच्या मोहोळात नागनाथाच्या देवळात भजन चालू असले म्हणजे पुढे कोण आणि मागे कोण, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला ओळखता येत नाही. मी जन्माने ख्रिस्ती. रविवारी मी ज्या लहानशा मंडळीत बसतो (तिचे नाव मुद्दामच सांगत नाही), तेथे पुढे कोण आहे ते डोळे मिटूनही कळते. कारण तेवढा एकच आवाज चालू असतो. बाकीचे आम्ही सतरंजीवरचे श्रोते.

हा प्रश्न धर्माचा तर आहेच, पण मला तो भाषेचाही वाटतो. पेटी जाऊन की-बोर्ड आला, याबद्दल माझी तक्रार नाही. पण वाजविणारा मुलगा स्वतःच्या गळ्याला मानवेल त्या पट्टीत पद उचलतो आणि दुसऱ्या कडव्याला मागच्या बाया गप्प होतात. शिवाय कित्येक पदांच्या चाली विलायती. त्या चालींची ठोक ठरलेल्या जागी पडायची म्हणजे पडायची. खाली मराठी शब्द कोणता आहे, याची तिला फिकीर नाही. मग 'येशूने' या शब्दातला येशू झटकन निघून जातो आणि 'ने' तेवढा लांबत राहतो. शाळेत इतकी वर्षे मी विभक्ती शिकवीत आलो, पण प्रत्ययाला एवढा मान मिळालेला अन्यत्र पाहिला नाही!

अभंगात असे होत नाही. तेथे अक्षरे मोजतात, मात्रा नव्हे. ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण गाणाऱ्याने अर्थ पाहून करावी, एवढी मोकळीक त्या छंदातच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे पुरते उमगले होते. १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ओवी-अभंग त्यांनी मागे टाकले नाहीत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्याही आधी अहमदनगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजविले होते. त्याहून मागे जायचे तर १६१६ सालच्या 'ख्रिस्तपुराणा'कडे जावे लागते. गोव्यातल्या नव्या ख्रिस्ती माणसाने आपल्या भाषेतले पुराण मागितले, हे फादर स्टीफन्सने ग्रंथातच नोंदवले आहे. मागणी सतरंजीवरून आली होती, व्यासपीठावरून नव्हे.

टिळकांची कितीतरी पदे आजही 'उपासना-संगीता'त आहेत. पण पुस्तकात असणे निराळे आणि तोंडात असणे निराळे. कीर्तनकार ओळ म्हणतो, ती टाळकऱ्यांच्या स्वाधीन करतो आणि क्षणभर थांबतो. आमचे पुढारी ओळ सोडायला तयारच नसतात. दोन पदांच्या मध्ये जरा शांतता झाली की लगेच ध्वनिक्षेपकावरून सूचना, प्रास्ताविक, पुन्हा सूचना. जणू देवालाही कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवायची आहे.

प्रार्थनांविषयी थोडक्यातच लिहितो. शब्द मराठी, पण वाक्याची बांधणी परकी. आईला हाक मारताना जी भाषा आपोआप येते ती तेथे कानावर पडत नाही.

हे सारे दुसऱ्यांवर ढकलून मी सुटणार नाही. गेल्या वर्षी उपासना चालविण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी कादंबरीकार आहे हे मला विसरता आले नाही. शास्त्रपाठ मी नाटकातल्या स्वगतासारखा वाचला. घरी जाताना एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, लई ग्वाड वाचलं, पर देवाचं काय व्हतं, ते ध्यानात न्हाई ऱ्हायलं." इतका नेमका अभिप्राय माझ्या कोणत्याही कादंबरीला आजवर मिळालेला नाही.

पुढच्या पाळीला मी की-बोर्डवाल्याला विनंती करून एक अभंग नुसत्या टाळांवर धरला. अर्धी ओळ म्हटली आणि थांबलो. कोणी उचलीना. थांबणे किती अवघड असते ते तेव्हा कळले. अखेर त्याच म्हातारीने बेसूर पण ठाम आवाजात उरलेली ओळ घेतली आणि तिच्यामागून चारदोन बाया लागल्या. लय रेंगाळली, उपासना दहा मिनिटे लांबली आणि की-बोर्डवाला पोर माझ्यावर रागावला. त्याची समजूत अजून पटलेली नाही. येत्या रविवारी पाळी त्याची आहे.