स्पेनचा तांबडा द्राक्षारस आणि आपले शब्बाथचे ताट

आपल्या वाडवडिलांच्या घरी शुक्रवारच्या किद्दुशला बाटली नसे, तांब्या असे. भिजत घातलेल्या काळ्या मनुका हाताने कुसकरायच्या, रस फडक्यातून गाळायचा आणि त्या सरबतावर आशीर्वाद म्हणायचा. कोकणातल्या खेड्यात कोशेर द्राक्षारस कुठून मिळणार? इस्राएलात आल्यावर ती अडचण सरली आणि हळूहळू तांब्याही मेजावरून उठला. गेल्या हिवाळ्यात घरच्या तरुण मंडळींनी स्पेनची एक बाटली आणली आणि "आता ते सरबत पुरे," असे आम्हांस सुनावले. ज्याच्यासाठी सरबताला उठवायचे तो पाहुणा आहे तरी कसा, हे पाहणे भागच पडले.

बाटलीवर 'पेराज हाअबीब' असे दिसते. स्पॅनिश लोक त्या 'ज'चा उच्चार 'ख'सारखा करतात. म्हणजे नाव हिब्रूच, 'पेराख हाअवीव', वसंताचे फूल. कातालोनियातील काप्सानेस गावच्या सहकारी संस्थेचा हा माल. संस्था १९३३ सालची. पूर्वी गावकरी आपला द्राक्षारस बहुतेक घाऊक विकून टाकीत. १९९५ साली बार्सिलोनाच्या ज्यू समाजाच्या मागणीवरून त्यांनी कोशेर द्राक्षारस केला, त्यासाठी नवी यंत्रसामग्री घेतली, आणि त्यातून गावाचे नाव झाले. ज्या भूमीतून १४९२ साली आपल्या बांधवांना घालवून दिले, तिथल्या शेतकऱ्यांनी पिकवलेली द्राक्षे आज शब्बाथ पाळणारे हात गाळतात, हे वाचून आम्ही पहिला पेला जरा सावकाशच उचलला.

गार्नाचा, कारिन्येना आणि काबर्ने सोव्हिन्यों ही यातली मुख्य द्राक्षे. रंग पिकल्या जांभळासारखा. बाटली उघडताच घेतला तेव्हा लाकडाचा वास आणि जिभेवर कच्च्या सुपारीचा तुरटपणा, एवढेच हाती लागले. तासभर उघडा ठेवल्यावर काळ्या फळांचा आणि किंचित मिऱ्याचा वास मोकळा झाला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो अर्धा तास शीतकपाटात ठेवूनच वाढावा. कोमट झाला की नुसती दारू नाकात चढते.

आता जेवण. हिरव्या वाटणातल्या कोंबडीबरोबर आम्ही दोनदा चव घेतली. पहिल्या खेपेस मिरच्या नेहमीच्या हाताने पडल्या होत्या, आणि जोडी साफ फसली. मद्याने तिखट भडकते आणि तुरटपणा टोचू लागतो. दुसऱ्या खेपेस मिरच्या निम्म्या केल्या, नारळाचे दूध दाट घातले. तेव्हा दोघांचे बरे जमले, पण कोथिंबिरीचा ताजेपणा मात्र दबला. खरी जोडी जमली ती मंद आचेवर कांद्यात शिजवलेल्या मटणाशी. मांसाने तुरटपणा मऊ होतो आणि फळाची चव पुढे येते. चिंचेच्या आंबटीतल्या मासळीबरोबर तोंडात लोखंडाची चव आली. तिथे हा नकोच. चिकाच्या हलव्याबरोबर तर बिचारा कडू आणि आंबट लागला. गोडाशेजारी कोरडा द्राक्षारस असाच उघडा पडतो.

एक सूचना. हा द्राक्षारस मेवुशाल, म्हणजे तापवलेला नाही. त्यामुळे वाढणारे हात कोणाचे, याविषयी ज्यांच्या घरी नियम पाळतात त्यांनी आधीच विचार करावा. शिवाय यात मद्याचे प्रमाण साधारण १४ टक्क्यांच्या वर असते. रुग्णसेवेत आयुष्य गेल्याने आमचे लक्ष पेल्यापेक्षा पिणाऱ्याकडे अधिक जाते. झोपेच्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांच्या पुढ्यात मान म्हणून भरलेला पेला ठेवणे, हा मान नव्हे. मधुमेह असलेल्यांना सरबतही जपूनच, हेही सांगितले पाहिजे.

तर आमचा निवाडा असा. द्राक्षारस उत्तम आहे. मटणाच्या जेवणाला अवश्य आणावा. पण तो जेवणातला सोबती आहे. आपल्या तिखट-आंबट ताटाचा यजमान व्हायचा असेल तर आपल्यालाच मिरच्या कमी कराव्या लागतात, आणि पाहुण्यासाठी रोज स्वयंपाक बदलणारे घर फार दिवस आपले राहत नाही. सरबताला कोणी गरिबीची खूण म्हणो. मनुकाही द्राक्षवेलीचेच फळ, आणि आशीर्वाद तोच. ज्या मेजावर सहा वर्षांचे नातवंड आणि ऐंशी वर्षांची आजी एकाच भांड्यातून घोट घेऊ शकतात, त्या मेजावर तांब्याची जागा कोणत्याही बाटलीने घेऊ नये.

आमच्या घरी आता दोन्ही ठेवतो. किद्दुश सरबतावर, मटण स्पेनबरोबर. तरुण मंडळी अजून कुरकुरतात, पण मागच्या शुक्रवारी मनुका भिजत घालायला त्यांच्यातलेच एक जण आठवणीने उठले.