२० टक्के, पण कशाचे?

अमेरिका-कॅनडाच्या थंड भागात अनेक घरांत उबेसाठी लाकडावर चालणारा स्टोव्ह असतो: बंद लोखंडी पेटी आणि छतापार जाणारं धुराडं. या धुराड्यात आतून क्रिओसोट साचतं, म्हणजे अर्धवट जळलेल्या धुरातला डांबरासारखा चिकट भाग. थर जाड झाला की एखाद्या दिवशी तोच पेट घेतो आणि घराला आग लागू शकते. यावर सगळीकडे मिळणारा सल्ला एकच: लाकडात ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी हवा. तिथली पर्यावरण संस्था ईपीएसुद्धा हेच सांगते. आज हे वाक्य जरा तपासूया.

पहिला प्रश्न, छेदात काय आहे? समजा १२५ ग्रॅमचं लाकूड तुम्ही ओव्हनमध्ये पूर्ण वाळवलं आणि ते १०० ग्रॅम भरलं. ओल्या वजनावर ओलावा २० टक्के, कोरड्या वजनावर २५. लाकूड तेच! टोचून मोजायचा मीटर बहुधा कोरड्या वजनावरचा आकडा दाखवतो. ईपीएच्या स्टोव्ह-चाचणीत डग्लस फरच्या चौकोनी तुकड्यांसाठी १९ ते २५ टक्के ही मर्यादा 'कोरड्या वजनावर' असं स्पष्ट लिहिलंय. लोकांपर्यंत येताना छेद मात्र बहुतेक वेळा गळतो. (हसू नका. पहिल्या वर्षी मीही दोन पेपरांतले ओलाव्याचे आकडे असेच शेजारी-शेजारी ठेवून आलेख काढला होता. अख्खा आलेख बाद झाला.)

पण माझा खरा आक्षेप दुसराच आहे. हा आकडा सगळी जबाबदारी लाकडावर ढकलतो. कोरड्या लाकडात वजनाने साधारण ६ टक्के हायड्रोजन असतो. तो जळला की पाणीच होणार. हिशेब करून बघा, किलोमागे अर्धा लिटरच्या वर जातं. म्हणजे खडखडीत वाळलेलं लाकूडही धुराड्यात वाफ सोडतंच. ती बाहेर जाते की भातावरच्या झाकणासारखी आतून सुटते, हे भिंतीच्या तापमानावर ठरतं. रात्रभर विस्तव टिकावा म्हणून हवा कोंडली की लाकूड धुमसतं, डांबरी वाफ वाढते आणि धुराडंही थंड पडतं. त्यात ते घराबाहेरच्या भिंतीला लागून असलेलं, विटांचं असेल तर बघायलाच नको.

चाचणीत पास झालेला स्टोव्ह आहे ना, मग? त्या चाचणीत तासाला किती ग्रॅम धूलिकण निघतात ते मोजतात, तेही धुराडं प्रयोगशाळेच्या आत उभं करून. भिंतीवर किती थर बसला, हे ती विचारतच नाही.

मला विचाराल तर प्रयोग असा हवा: एकच लाकूड, एकसारखे दोन स्टोव्ह, एक धुराडं घरातून वर नेलेलं, दुसरं बाहेरच्या भिंतीने. अख्खा हिवाळा जाळायचं, मग दोन्ही खरवडून निघालेला थर वजन करायचा. आणि ते वजन कोरडं की ओलं, हे तक्त्याच्या डोक्यावर लिहायचं.