घणाचे गाणे आणि तुरुंगाचे दफ्तर

लोकगीतांतून समाजाचा इतिहास कळतो, हे विधान आता इतके सरावाचे झाले आहे की तो नेमका कसा कळतो, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गाण्यांत आलेले दागिने, अवजारे, सणवार यांची टिपणे काढावी आणि त्यांस समाजदर्शन म्हणावे, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. अमेरिकेतील ‘जॉन हेन्री’ या गीताच्या अभ्यासाची हकीकत या दृष्टीने फार बोधक आहे. एकाच गीताकडे पाहण्याच्या निरनिराळ्या रीती तीत एकमेकींसमोर उभ्या राहतात, आणि त्यांचे गुणदोष तपासून पाहता येतात.

गीताचे कथानक थोडक्यात असे : जॉन हेन्री हा रेल्वेचा बोगदा खोदणारा कृष्णवर्णीय मजूर. खडकात सुरुंगासाठी भोक पाडावयाचे, तर एकाने पहार धरावयाची, प्रत्येक घावानंतर ती किंचित फिरवावयाची आणि दुसऱ्याने तिच्यावर घण घालावयाचा, अशी तेव्हाची पद्धत होती. पुढे मालक वाफेवर चालणारे यंत्र आणतो. जॉन हेन्री त्या यंत्राशी पैज लावतो, जिंकतो आणि हातात घण असतानाच मरतो. या गीताचे असंख्य पाठ आहेत. अमेरिकेतील शाळकरी मुलांस ते ठाऊक असते.

असा कोणी खरोखर होऊन गेला काय? गाय जॉन्सन यांनी १९२९ साली आणि लुई चॅपेल यांनी १९३३ साली या प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. वेस्ट व्हर्जिनियातील टॅल्कॉटजवळचा ‘बिग बेंड’ बोगदा १८७० ते १८७२ या काळात खोदला गेला. तेथील वृद्धांच्या साक्षी दोघांनीही गोळा केल्या. जॉन्सन यांना साक्षींतील विसंगती जाणवत राहिली, तर चॅपेल अधिक ठाम होते. परंतु दोघांचाही प्रश्न न्यायाधीशाचा होता : घटना घडली की नाही? गाणे त्यांच्या लेखी साक्षीदार होते, आणि साक्षीदार विश्वासार्ह आहे की नाही, एवढेच त्यांना ठरवावयाचे होते.

स्कॉट रेनॉल्ड्स नेल्सन या इतिहासकाराने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्टील ड्रायव्हिन मॅन’ या ग्रंथात निराळी वाट धरली. गीताच्या काही पाठांत जॉन हेन्रीला एका पांढऱ्या घराकडे नेऊन वाळूत पुरले, असा उल्लेख येतो. तो नुसता अलंकार नसून एखादी खरी जागा असावी, असे नेल्सन यांच्या मनाने घेतले. रिचमंड येथील व्हर्जिनियाच्या तुरुंगाचे एक जुने चित्र-पोस्टकार्ड त्यांच्या पाहण्यात आले. त्यात लोहमार्गाशेजारी एक पांढरी इमारत होती. १९९२ साली त्या तुरुंगाच्या जागेवर निनावी दफनभूमीत सुमारे ३०० सांगाडे सापडले होते, हे त्यांना ठाऊक होते. येथून ते तुरुंगाच्या नोंदवह्यांकडे वळले. तेथे त्यांना जॉन विल्यम हेन्री नावाचा कैदी आढळला. वय १९, मूळचा न्यू जर्सीचा, उंची ५ फूट सव्वा इंच, शिक्षा १० वर्षे. चेसापीक अँड ओहायो रेल्वेच्या कंत्राटदाराला जे कैदी मजुरीसाठी देण्यात आले, त्यांत तो होता. पुढे त्याचे नाव वहीतून नाहीसे होते. सुटका, माफी, मृत्यू, कशाचीच नोंद नाही.

सरकारी दफ्तरात ज्याचे आयुष्य चालले आहे, त्याला ही शेवटची गोष्ट चटका लावल्याखेरीज राहत नाही. वही कशी लिहिली जाते हे आम्ही जाणतो. जावक झालेल्या वस्तूचे पुढे काय झाले, हे ज्याच्या ताब्यात ती गेली त्याने पाहावयाचे असते. येथे वस्तूच्या जागी माणूस होता, एवढेच. परत न आलेल्या प्रत्येक कैद्यामागे कंत्राटदाराला १०० डॉलर दंड होता, असे नेल्सन सांगतात. म्हणून मृतदेहसुद्धा रिचमंडला परत पाठवावे लागत. गाण्यातील ‘नेऊन पुरले’ या शब्दांचा अर्थ असा करारनाम्याच्या एका कलमात सापडावा, हा या ग्रंथातील सर्वांत भेदक शोध होय. गुलामगिरी १८६५ च्या घटनादुरुस्तीने रद्द झाली खरी, परंतु गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी घेण्यास त्याच दुरुस्तीने मोकळीक ठेवली होती. त्या मोकळिकीचा व्यवहारात काय अर्थ झाला, हे कायद्याच्या पुस्तकापेक्षा या गाण्यातून अधिक स्पष्ट कळते.

तथापि हाच तो मनुष्य, हा नेल्सन यांचा निष्कर्ष मला मान्य करवत नाही. बिग बेंडपेक्षा लुईस बोगद्यात कैदी व यंत्रे एकत्र काम करीत होती, हा त्यांचा युक्तिवाद सबळ आहे. पण हेन्री हे नाव अगदी सामान्य. शिवाय जॉन गार्स्ट यांनी हे सारे १८८७ च्या सुमारास अलाबामात लीड्सजवळ घडले असावे, असा पक्ष मांडला आहे, आणि तोही झटकून टाकण्याजोगा नाही. ग्रंथाचे खरे मोल या ओळखपरेडीत नाही, हे मात्र निश्चित. सव्वापाच फूटही उंची नसलेला एक पोर गाण्यात धिप्पाड वीर होतो, असे क्षणभर मानले, तर विचार करावयाचा तो या वाढलेल्या उंचीचा. ती कोणी वाढविली, कशासाठी वाढविली?

या प्रश्नाचे उत्तर गाण्याच्या लयीत आहे, आणि येथे नेल्सन यांचे वाचन मला फार मार्मिक वाटले. जॉन हेन्रीची गाणी दोन जातींची आहेत. एक वेगवान कथागीत, जे फिडलवर व बँजोवर वाजते आणि पैजेचा पराक्रम सांगते. दुसरे संथ घणगीत, जे प्रत्यक्ष काम करताना म्हटले जाई. या संथ गीतांत पराक्रमाचा उत्साह जवळजवळ नाही. ज्या घणाने जॉन हेन्रीचा जीव घेतला, त्याच्या हाती मी माझा जीव देणार नाही, असा त्यांचा सूर आहे. म्हणजे मजुरांपुरते हे वीरगीत नव्हते, ती एक सावधगिरीची सूचना होती. गाणे संथ म्हटले की घणही संथ पडतो. मुकादमाला गाणे ऐकू येते, पण वेग कोण ठरवीत आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. जात्यावरच्या ओवीची लय जात्याच्या फेऱ्याने बांधलेली असते, हे आपण जाणतोच. मात्र ती लय दळणारणीचा दम राखण्यासाठीही असेल, असा विचार आपल्या समीक्षेने फारसा केलेला दिसत नाही.

वीरगीत झाले ते गाणे मजुरांच्या हातून सुटल्यावर. १९२४ साली जॉर्जियाच्या ‘फिडलिन’ जॉन कार्सन या गोऱ्या वादकाने ते ध्वनिमुद्रित केले. १९३० नंतर डाव्या विचाराच्या लेखकांना व चित्रकारांना त्यात श्रमिकाचा प्रतीकपुरुष दिसला. कैदी मात्र कथेतून गळाला. राहिला तो स्वखुशीने पैज लावणारा स्वतंत्र माणूस. अमेरिकेला स्वतःविषयी ऐकावयास आवडते ते हेच. विलक्षण योग असा की, १९३३ साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा अॅलन काँग्रेस ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन दक्षिणेत हिंडले, ते मुख्यतः तुरुंगांतून. बाहेरच्या संगीताचा संपर्क न झालेली गाणी तेथे टिकून असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. ती बरीचशी खरीही ठरली. गाणी टिकली होती, कारण ती जन्माला घालणारी परिस्थितीही टिकली होती. लोमॅक्स यांच्या संग्रहाचे ऋण मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, ज्याला त्यांनी गाण्याचे शुद्ध स्वरूप म्हटले, त्याचे दुसरे नाव बंदिवास होते.

गीताच्या अनेक पाठांत आणखी एक पात्र येते. जॉन हेन्री आजारी पडतो त्या दिवशी त्याची बायको – कोठे तिचे नाव पॉली अॅन, कोठे जूली अॅन – त्याचा घण उचलते आणि पुरुषासारखे काम करते. मोजके चरण, आणि ती पुन्हा अदृश्य होते. नवऱ्यासाठी कित्येक ग्रंथ, पुतळे आणि वाद झाले. तिच्याविषयी मी अजून सलग एक प्रकरणसुद्धा वाचलेले नाही. कोणत्या बायकांच्या श्रमाची आठवण या चरणांत शिल्लक राहिली असावी, याचा शोध कोणी घेईल तर तो तुरुंगाच्या वहीतून सुरू करून भागणार नाही.