‘पलक’ : भरतकामातील आकृती आणि तिचे नाव

मध्य आशियातील सुझनी – सुई या अर्थाच्या फार्सी ‘सूझन’वरून हे नाव – म्हणजे वधूच्या आंदणातील भरतकामाचे मोठे वस्त्र. तिच्यावरील आकृतींचे अर्थ हल्ली एखाद्या कोशासारखे सांगितले जातात : डाळिंब म्हणजे संतती, सुरी म्हणजे रक्षण, वर्तुळ म्हणजे आकाश. या पद्धतीत नाव आणि प्रतीकार्थ एकच मानले जातात, हा तिचा मूलभूत दोष होय. पत्ते खेळताना ‘बदाम’ म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या मनात ते फळ नसते.

ताश्कंदकडील ‘पलक’ हा प्रकार घ्यावा. मोठमोठ्या तांबड्या वर्तुळांनी हे वस्त्र भरून गेलेले असते. अरबी ‘फलक’ (आकाश) पासून हे नाव आले, असे बहुधा सांगतात. ध्वनिदृष्ट्या यास हरकत नाही. ‘फ’कार तुर्की भाषांचा मूळचा नव्हे, आणि बोलीत त्याचा ‘प’ होतो. परंतु उझबेकीत खरबुजाच्या वेलासही ‘पलक’ म्हणतात, याची दखल क्वचितच घेतली जाते. आकाशपक्षास आधार आहे तो वर्तुळाच्या ‘ओय’ (चंद्र) या नावाचा. तथापि ही वस्त्रे सहा ‘ओय’ची, बारा ‘ओय’ची अशी मोजूनही ओळखली जातात. ‘ओय’ म्हणजे महिनाही. म्हणून बारांत वर्ष पाहण्याचा मोह होतो. मग सहांचे काय? माझ्या मते येथे हा शब्द आखणीचे परिमाण झाला आहे.

शिवाय अर्थ कोणाचा, हाही प्रश्न उरतो. कापडाच्या अरुंद पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडून त्यांवर रेखाटणारी स्त्री नक्षी काढी. मग पट्ट्या उसवून निरनिराळ्या हाती जात आणि भरून झाल्यावर पुन्हा जोडल्या जात. जोडावर वर्तुळाचे अर्धे भाग पुष्कळदा जुळत नाहीत. भरणारीपुढे अर्धाच ‘चंद्र’ असे.

ओल्गा सुखारेवा (१९०३–१९८३) यांच्या सुझनीवरील ग्रंथाचे (मरणोत्तर, २००६) मोल यासाठीच अधिक, की त्यात स्थानिक परिभाषा नोंदलेली आहे. ‘कलंपीर’ अर्थात मिरची या आकृतीस अतिप्राचीन ठरविणाऱ्यांनी तरी ती परिभाषा तपासावी. मिरची अमेरिकेतून आली, म्हणजे १४९२ नंतर. आणि उझबेकीत लवंगेच्या नावातही ‘कलंपीर’ आहेच.