छपरापासून वाचावी अशी घरं

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, बायबरी गावी, दगडी घरांची एक रांग आहे. तिचं नाव आर्लिंग्टन रो. ती वाचायला घ्यावी छपरापासून.

हे छप्परही दगडाचंच. चुनखडीच्या पातळ चिपा एकीवर एक चढवलेल्या. आढ्याजवळच्या चिपा वीतभर, आणि जसजसं खाली यावं तसतशा त्या मोठ्या होत जातात. वळचणीला तर चांगल्या रुंद फरश्याच. ही चढती लय डोळ्यांना सुखावते, पण ती बांधली आहे पाण्याच्या हिशेबाने. पाख्यावरचं सगळं पाणी शेवटी वळचणीशी येतं. तिथे सांधे जितके कमी तितकं बरं. शिवाय जड दगडांचा भार थेट भिंतीवर उतरतो. पाणी रेंगाळू नये म्हणून पाखीही उभट.

भिंतीचा दगड जवळून पाहावा. माशाच्या अंड्यांसारखे बारीक, गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ, कोमट समुद्रात घडलेला हा दगड. लोहाच्या अंशामुळे त्याला मधाचा रंग आला. घर आणि जमीन एकाच रंगाची वाटतात, कारण ती आहेतच एका दगडाची.

१३८० च्या सुमारास इथे मठाचं लोकरीचं कोठार उभं राहिलं. सतराव्या शतकात त्याची विणकरांची घरं झाली. विणलेलं कापड आर्लिंग्टन गिरणीत कुंदीला जाई आणि समोरच्या रॅक आयलवर, म्हणजे पाण्याने वेढलेल्या कुरणात, चौकटींवर ताणून वाळत पडे. बेटाचं नावच त्या चौकटींवरून पडलं. इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने बायबरीला इंग्लंडमधलं सर्वांत सुंदर गाव म्हटलं. मला वाटतं, ते सौंदर्य या कामातूनच आलं आहे.

अमेरिकेतला मोटार-उद्योजक हेन्री फोर्ड याने १९३० च्या सुमारास जवळच्या चेडवर्थमधलं असंच एक घर विकत घेतलं, दगडन् दगड सुटा करून मिशिगनला नेलं आणि पुन्हा उभारलं. दगड पोचले, ज्या टेकडीच्या पोटातून ते निघाले होते, ती मागेच राहिली.

आर्लिंग्टन रो मात्र आपल्या उतारावर, आपल्या कोल्न नदीकाठी आहे. नॅशनल ट्रस्ट तिची निगा राखतो. माग थांबले, कुरणात आता पाणपक्षी असतात. आढ्याची रेघ वजनाने जागोजागी वाकली आहे. तरी पाऊस आला की पाणी लहान चिपेवरून मोठ्या चिपेवर, त्याच जुन्या क्रमाने, खाली उतरतं.